तेल उसनं मिळत नाही

2025 च्या सप्टेंबरमध्ये आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत एकदा तारीख येऊन पडली. प्रभू येशू 23 नाहीतर 24 ला परत येणार, दक्षिण आफ्रिकेत कुणाला तरी दर्शन झालंय, पुढे पाठवा, थांबू नका. मग काय, दोन दिवस ग्रुप नुसता पेटलेला, कुणी हात जोडलेले इमोजी टाकतंय कुणी रडके, एका काकांनी तर विचारलं की मग या महिन्याचा भिशीचा हप्ता भरायचा का नाही (हे ते गमतीत म्हणाले का खरंच, ते मला अजून कळलेलं नाही). 25 तारीख उजाडली, नेहमीसारखा सकाळचा वचनाचा फोटो आला गुलाबाच्या फुलासकट, आणि त्या मेसेजबद्दल परत कुणी चकार शब्द काढला नाही.

मला त्याचं हसू नाही येत. आपल्या लोकांना प्रभूची ओढ आहे हे चांगलंच आहे, आणि तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येणार हे आपण चर्चमध्ये उभं राहून मोठ्याने म्हणतोच की. राग येतो तो तारखेचा. तारीख दिली की माणूस दोन दिवस घाबरतो, तिसऱ्या दिवशी सुटल्यासारखा होतो आणि चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त निवांत, म्हणजे नुकसानच की.

आणि हे काही आजचं नाही. अमेरिकेत विल्यम मिलर म्हणून एक शेतकरी प्रचारक होता, त्याच्या शिकवणीवरून 1844 च्या 22 ऑक्टोबरला हजारो लोक प्रभूची वाट बघत बसले, काहींनी तर शेतातलं पीकच काढलं नाही, कशाला काढायचं म्हणून. 23 ला सकाळी पीक तिथेच आणि हे पण तिथेच. नंतर 2011 ला हॅरॉल्ड कॅम्पिंग म्हणून रेडिओवरचे एक वयस्कर प्रचारक, त्यांनी 21 मे सांगितली, ती गेली तर 21 ऑक्टोबर सांगितली, लोकांनी आयुष्यभराची पुंजी त्याच्या जाहिरातीत घातली. पुढच्या वर्षी त्यांनीच मान्य केलं की तारीख सांगणं हे पाप होतं. मान्य केलं हे बरं केलं, पण ज्यांचे पैसे गेले त्यांचे गेलेच. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू स्वतः सांगतो की तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला. पुत्राला नाही आणि आमच्या ग्रुप ॲडमिनला आहे, असो.

घाबरवून तयारी होत नाही, हे मला माझ्या भाचीवरून कळलं. ती सातवी-आठवीत असताना आमच्याकडे सुट्टीला आली होती, त्याच्या आधीच तिकडे त्यांच्या चर्चच्या कन्व्हेन्शनमध्ये कुणीतरी मुलांना सांगितलेलं, प्रभू येईल तेव्हा दोघं शेतात असतील, एक घेतला जाईल एक ठेवला जाईल वगैरे. दुपारी ती क्लासवरून घरी आली तर घर उघडं, पंखा चालू, चपला दारात आणि माणूस एक नाही. शेजारचं पण दार उघडं आणि तिथे पण कुणी नाही. पोरीने जो काही टाहो फोडला की बास. आम्ही सगळ्या मागच्या गल्लीत हळदीला गेलो होतो हो, अनवाणी, दहा मिनिटांसाठी. आता ती नोकरीला लागली तरी घर रिकामं दिसलं की पोटात गोळा येतो म्हणते. याला तयारी म्हणायचं का? मला नाही वाटत.

म्हणून मला 1780 ची ती एक गोष्ट फार आवडते. तीही अमेरिकेतलीच. 19 मे ला न्यू इंग्लंड भागात दिवसाढवळ्या आभाळ काळं झालं, इतकं की कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या आणि लोकांना दुपारचं जेवण मेणबत्ती लावून जेवावं लागलं. कारण अगदी साधं होतं, लांबच्या जंगलांत वणवे लागलेले, त्याचा धूर आणि वर दाट धुकं, पण तेव्हा कुणाला काय माहीत. लोक म्हणाले झालं, न्यायाचा दिवस आला. कनेक्टिकटच्या हार्टफर्डला तिथल्या विधिमंडळाचं कामकाज चालू होतं, खालचं सभागृह तर उठलंच, वरच्या कौन्सिलमध्येही बैठक बरखास्त करा असं चाललेलं. तिथे अब्राहम डेव्हनपोर्ट नावाचे एक सभासद होते. ते म्हणाले, न्यायाचा दिवस एकतर येतोय किंवा येत नाहीये. येत नसेल तर बैठक थांबवायचं कारण नाही. येत असेल तर मी माझं काम करताना सापडलेलं बरं. तेव्हा मेणबत्त्या आणा.

मेणबत्त्या आणा! एवढंच. मला वाटतं या विषयावर यापेक्षा चांगलं प्रवचन मी ऐकलेलं नाही, आणि मी प्रवचनं भरपूर ऐकलीत, सासरे चर्चच्या वडीलमंडळात होते.

आता मत्तयाचा पंचविसावा अध्याय घ्या. दहा कुमारींचा दाखला शब्बाथशाळेपासून ऐकतोय आपण, दहा जणी दिवे घेऊन वराची वाट बघतायत, पाच शहाण्या, त्यांनी जादा तेल घेतलं, पाच मूर्ख, त्यांनी नाही घेतलं, नाटक पण केलंय प्रत्येकाने, मी कायम मूर्खांत कारण माझ्याकडे पणती नव्हती चिमणी होती. पण त्यातलं एक वाक्य आपण पटकन ओलांडून जातो. वराला उशीर झाला तेव्हा त्या सगळ्या डुलक्या घ्यायला लागल्या आणि झोपल्या. सगळ्या! शहाण्या पण झोपल्या. प्रभूने त्यांना झोपल्याबद्दल एका शब्दाने टोकलेलं नाही. म्हणजे डोळे ताणून आभाळाकडे बघत बसणं ही तयारी नव्हतीच, ज्यांच्याकडे तेल होतं त्या खुशाल झोपू शकल्या. आणि वर आला अशी हाक आल्यावर मूर्ख कुमारी शहाण्यांकडे तेल मागायला गेल्या तर मिळालं नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर मिळते, दुधाला विरजण मिळतं, हे नाही मिळत. आईच्या विश्वासावर मुलगा, बायकोच्या प्रार्थनेवर नवरा, असं आपल्या घरांमधून किती चालतं बघा, आमची ही आहे ना, ती करते सगळं देवाचं, असं म्हणणारे पुरुष मला दर आठवड्याला भेटतात.

त्याच्या आधीचा अध्याय संपतो तिथे अजून एक गडी आहे, ज्याच्याकडे कुणी फार बघत नाही. धनी बाहेर गेलाय आणि एका दासावर घर सोपवलंय. धनी येतो तेव्हा हा दास धन्य का ठरतो? तो उपास करत होता का, वाट बघत दारात बसला होता का? तो घरच्यांना वेळच्या वेळी जेवायला वाढत होता. यथाकाळी खायला देणं, एवढंच त्याचं काम होतं आणि तो तेच करताना सापडला. मी स्वयंपाकघरात हे वचन लावलंय, फ्रीजवर, लोणच्याचे डाग पडलेत त्याच्यावर.

आणि ज्यांना वाटतं की प्रभू येणार म्हणजे आता कामधंदा कशाला, त्यांच्यासाठी प्रेषित पौलाने थेस्सलनीका गावच्या मंडळीला पत्र लिहूनच ठेवलंय. तिथे पण हाच प्रकार चाललेला दिसतो, काही लोक काम सोडून गावभर लुडबूड करत हिंडत होते. पौल सरळ म्हणतो, काम नको असेल तर जेवण पण नको. हे मला फार नर्ससारखं वाटतं त्याचं.

हो, मी नर्स आहे. मिशन हॉस्पिटलात ट्रेनिंग झालं, मग नगरहून (आता अहिल्यानगर म्हणायचं, तोंडात बसायला वेळ लागेल) पुण्यात आले, आता रिटायरमेंट जवळ आली. आमच्यात ड्युटी संपली की ओव्हर द्यावा लागतो. येणाऱ्या सिस्टरला घेऊन एकेका बेडपाशी उभं राहायचं आणि सांगायचं, याला काय चाललंय, सलाईन किती राहिलंय, लघवी किती झाली, कुठला डोस द्यायचा बाकी, कुणाची मुलगी काय विचारून गेली. ओव्हर दिल्याशिवाय निघता येत नाही, तुमची बस गेली तरी. आणि यात दोन प्रकारच्या सिस्टर असतात. एक जी इंजेक्शन दिलं की तिथल्या तिथे चार्टवर वेळ टाकून सही करते. दुसरी सगळं डोक्यात ठेवते आणि शेवटच्या अर्ध्या तासात कुणाचं काय झालं ते आठवत भराभरा लिहायला बसते. पहिलीच्या वॉर्डात मेट्रन रात्री दोनला राऊंडला येवोत नाहीतर पहाटे पाचला, ती दचकत नाही, खुर्चीतून उठून म्हणते या मॅडम. तिने मेट्रन येणार म्हणून काही वेगळं केलेलं नसतं. माझ्या डोक्यात देवापुढची तयारी म्हणजे साधारण ही आहे, जे झालं ते त्या त्या दिवशी लिहून सही करून मोकळं व्हायचं, कारण ओव्हर कधी द्यायचा ते ड्युटी लिस्टवर लिहिलेलं नाही.

इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर एक गोष्ट सांगू शकते. शेवट जवळ आलेली माणसं स्वर्ग-नरकाबद्दल फार कमी बोलतात. सिनेमात दाखवतात तसं नसतं ते. ते म्हणतात कपाटाची चावी गादीखाली आहे. दूधवाल्याचे द्यायचे राहिलेत. धाकट्याला सांगा बांधावरून भांडू नको. आणि सगळ्यात जास्त म्हणजे, अमक्याला बोलवा. हा अमका कायम तोच, ज्याच्याशी दहा-बारा वर्षं बोलणं बंद आहे, जमिनीवरून नाहीतर लग्नात मानपान झाला नाही म्हणून. आणि अमका बऱ्याचदा पोचत नाही. निघालेला असतो हो, पण एसटीत असतो, शिरूरच्या जवळपास कुठेतरी.

2021 च्या एप्रिल-मे मध्ये, कोरोनात तर बोलवायची पण सोय नव्हती. पीपीई किटमध्ये आम्हीच मुलगी, आम्हीच सून, आम्हीच पाळक. फोन स्पीकरवर धरून कानाशी न्यायचा, पलीकडून पोरं गीत म्हणतायत, प्रार्थना म्हणतायत आणि मध्येच रेंज जातेय. त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की ज्या घरात आधीच सगळं बोलून झालेलं होतं त्या घरच्यांचे फोन लहान असायचे. आबा आम्ही आहोत, प्रभू आहे, झोपा. बास. आणि ज्यांचं राहिलेलं असायचं त्यांचे फोन संपायचेच नाहीत, ऑक्सिजन लावलेल्या माणसाला काय माफ कर माफ कर म्हणतायत, त्याला ऐकू तरी येतंय का.

आमच्या लोकांना वाईट वाटेल पण मी बघितलेल्या सगळ्यात शांत मरणांपैकी एक एका माळकरी आजोबांचं होतं. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी किती वर्षं केलेली, कुणाचं एक रुपया देणं नाही, कुणाशी वैर नाही, मला म्हणाले सिस्टर तुम्ही आता दुसऱ्या पेशंटकडे जा, माझं झालंय. त्यांच्या पुढच्याचा निवाडा करणारी मी कोण, माझा विश्वास ख्रिस्तावर आहे आणि तो मी लपवत नाही, पण त्या रात्री घरी जाताना मला आमच्या चर्चमधले दोन सख्खे भाऊ आठवत होते जे प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, एकाच रांगेत गुडघे टेकतात आणि बाहेर आले की दोन दिशांना तोंडं.

इथे कुणीतरी म्हणणारच, सिस्टर, मग येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराचं काय? त्याने कुठे हिशेब मिटवले, शेवटच्या घटकेला एक वाक्य बोलला आणि सुखलोकात गेला. मान्य, शंभर टक्के मान्य, तारण आपल्या चार्टवरच्या सह्यांनी मिळत नाही, ख्रिस्ताने केलं त्याने मिळतं, नाहीतर मी तर कधीच गेले असते कामातून. पण लूकमध्ये परत एकदा नीट वाचा तो चोर काय काय करतो. तो दुसऱ्या चोराला गप्प करतो. आपल्याला झालेली शिक्षा योग्य आहे हे सगळ्यांसमोर कबूल करतो. बाजूच्या येशूची काही चूक नाही अशी साक्ष देतो. आणि मग स्वतःसाठी मागतो. हातापायात खिळे असताना! त्याच्याकडे तास-दोन तास होते आणि त्याने ते सगळे वापरले. आपल्याकडे उद्याचा गुरुवार आहे असं आपण धरून चालतो, म्हणून बुधवार वापरत नाही. बायबलात याकोब काय म्हणतो, तुम्ही वाफ आहात, थोडा वेळ दिसते आणि जाते, म्हणून प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि हे हे करू असं म्हणा. आमच्या आत्याला ती सवय होती, साधं बाजारात जायचं तरी प्रभूची इच्छा असली तर मेथी आणते म्हणायची, आम्ही पोरं खिदळायचो. मेथी आणायचीच मात्र.

आपल्याकडे या बाबतीत बघण्यासारखं माणूस म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्याबद्दल लोक विधवांसाठी काढलेलं शारदा सदन सांगतात, दुष्काळात आधार दिलेल्या बायका-मुली सांगतात, ते सगळं आहेच. मला त्यांची शेवटची एक-दोन वर्षं जास्त ओढतात. केडगावला मुक्ती मिशनचा एवढा मोठा पसारा, शेकडो मुली-बायका, शेती, विहिरी, छापखाना, शाळा, आंधळ्या मुलींना ब्रेलमधून शिकवणं. एकुलती एक मुलगी मनोरमा, परदेशात शिकून आलेली, आईच्या खांद्याला खांदा लावून सगळं बघणारी, आंधळ्यांचं काम तर तिचंच. रमाबाईंच्या मागे हे सगळं तीच चालवणार असं सगळ्यांनी धरलेलं. आणि 24 जुलै 1921 ला मनोरमाबाई गेल्या, चाळीशीत. आई मागे राहिली. वय झालेलं, ऐकू कमी येत होतं, आणि जिच्यावर सगळं सोपवायचं तीच नाही.

कुणीही म्हणालं असतं की आता बस झालं. पण रमाबाईंच्या हातात एक काम होतं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर, ते पण असं मराठी की मुक्तीतल्या साध्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायकांना समजेल. या कामासाठी त्या उतारवयात त्या दोन भाषा शिकल्या. बरीच वर्षं चाललेलं काम होतं ते, आणि छपाई पण मुक्तीच्याच छापखान्यात, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला तिथल्याच मुली. मुलगी गेल्यावर पण त्या प्रुफं तपासत राहिल्या. ते काम हातावेगळं होत आलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या झोपेतच गेल्या, चौसष्ट पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिलेले.

आता यात मला भाषांतराचं मोठेपण तर वाटतंच, पण जास्त वाटतं ते हे की मुलीला पुरून आलेली बाई टेबलापाशी परत बसली. प्रूफ तपासणं हे किती कंटाळवाणं काम आहे ते मंडळीचं वार्षिक अहवालपत्रक ज्यांनी तपासलंय त्यांना विचारा. काना, मात्रा, वेलांटी. दर्शनं नाहीत, तुतारी नाही, काना मात्रा वेलांटी. एकदा केडगावला जाऊन या, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की स्टेशन लागतं, मिशन अजून चालू आहे. त्यांच्या माघारी पण चालू राहिलं म्हणजे त्यांनी ओव्हर नीट दिला असणार.

बरं आता जरा जमिनीवर येते, कारण मला खरं तर हेच लिहायचं होतं आणि मी भरकटले. यशया संदेष्टा हिज्कीया राजाकडे जातो तेव्हा काय सांगतो? तू मरणार आहेस, तर आपल्या घराची व्यवस्था कर. आधी घराची व्यवस्था. आणि आमच्या प्रार्थना सभेत मी मृत्युपत्राचा विषय काढला की बायका म्हणतात, अय्या सिस्टर, असं अशुभ कशाला बोलता. अशुभ? आपल्यात? दर ईस्टरला पहाटे कबरस्तानात जाऊन पुनरुत्थानाची गाणी म्हणणारी माणसं आपण, आणि आपल्याला मृत्युपत्र अशुभ!

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मुलं असली तर बायकोला एक तृतीयांश, बाकीचं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही. म्हणजे सगळं आपोआप बायकोच्या नावावर होईल हा गैरसमज काढून टाका. मृत्युपत्र साध्या कागदावर पण चालतं, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका, त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला पण नको, कारण मग त्याला दिलेलं तेवढं बाद होतं. आमच्या ओळखीत एका मावशींनी हौसेने धाकट्या लेकालाच साक्षीला उभं केलं होतं, नशीब वेळेत कुणाच्या तरी लक्षात आलं. आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नाही, त्याने वारसांसाठी ते सांभाळायचं असतं. वकिलाकडे जाऊन एकदा नीट समजून घ्या, मी वकील नाही, पण कागद नसल्यामुळे दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी एका घरात जे बघितलंय ते परत बघायची इच्छा नाही. कबरेवरची फुलं सुकली नव्हती आणि घरात दागिन्यांचा डबा उघडला गेला होता.

कागदाचं झालं की माणसांचं. हे जास्त अवघड. पौलाच्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात आहे की रागावलात तरी सूर्य मावळायच्या आत तो राग सोडा. मला नाईट ड्युटी असते तेव्हा सूर्य मावळल्यावर माझा दिवस सुरू होतो, म्हणून मी घरातून पाय बाहेर टाकायच्या आधी असं धरलंय. मिस्टरांशी वाजलं असेल तर डबा भरताना मिटवायचं. कधी कधी ते नुसतं, डब्यात चटणी टाकू का, एवढंच असतं, लग्नाला इतकी वर्षं झाली की चटणीतून कळतं. आमची आई प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी वाण्याची उधारी चुकती करायची, आणि जिच्याशी नळावर भांडण झालंय तिच्याकडे काहीतरी निमित्त काढून जाऊन यायची, वाटी परत द्यायची असायची, नसली तर दुसऱ्याच कुणाची वाटी घेऊन जायची. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात काही आहे हे आठवलं तर आधी जाऊन समेट कर, असं प्रभूने सांगितलंय ना, ती ते शब्दशः करायची. पूर्वी प्रभुभोजनाच्या आधी तयारीची प्रार्थना असायची, माणसं आपापले वाद घेऊन बसायची. आता रविवारी दहाला येतो, साडेअकराला पार्किंगवरून नवा वाद घेऊन जातो.

रोजचं मी काय करते असं एका मैत्रिणीने विचारलं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. फार काही नाही गं. सकाळी एक स्तोत्र, बहुतेक वेळा बसमध्ये, मोबाईलवर, उभ्याने. नव्वदावं मला पाठ आहे, त्यात मोशे म्हणतो आमचे दिवस मोजायला शिकव, ते एक वाक्य दिवसभर पुरतं. रात्री झोपायच्या आधी दिवसभरातली माणसं एकेक आठवायची, कुणाला तोडून बोलले, कुणाचं काम उद्यावर ढकललं, ते प्रभूला सांगायचं, आणि जे उद्या सकाळी जाऊन दुरुस्त करण्यासारखं आहे ते मोबाईलमध्ये लिहून ठेवायचं कारण सकाळी मी विसरते. मग झोपायचं. त्या पाच शहाण्या झोपल्या तशी. मला झोप लागते, हे मी आवर्जून सांगते, कारण तयार माणूस म्हणजे सुतकी चेहऱ्याचं, हसत नाही, टीव्ही बघत नाही, पोरांच्या लग्नाच्या खरेदीला येत नाही, असं आपल्याकडे एक चित्र आहे. मी येते खरेदीला. घासाघीस पण करते.

या पावसाळ्यात मिस्टरांनी आणि मी दोघांनी बसून कागद केले, साक्षीला मंडळीतलेच दोघे, ज्यांना आमच्याकडून छदाम मिळणार नाही असे. त्यासोबत मी एक वेगळा कागद माझ्या दफनविधीचा पण केला. गीतं कुठली ते लिहिलं, चारच, कारण आमच्याकडे दफनविधीला सगळ्यांना आपापलं आवडतं गीत म्हणायचं असतं आणि शवपेटी उन्हात राहते. पेटी साधी. भाषणं नकोत, पाळकसाहेबांनी वचन सांगावं, ते पण माझ्यावर नाही, प्रभूवर. उरलेले पैसे नर्सिंगला जाणाऱ्या एखाद्या पोरीच्या फीला. आणि चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स अजिबात लावायचा नाही, खाली शोकाकुल म्हणून पन्नास नावं आणि बाजूला नगरसेवकाचा फोटो, असलं मला नको, हे मी लाल पेनने लिहिलं.

मुलीने वाचलं आणि म्हणाली आई गीतांमधलं दुसरं बदल, ते कुणाला चालीत म्हणता येत नाही. बदललं. मिस्टर म्हणाले बाकी सगळं ठीक आहे पण फ्लेक्सवाला आपल्याच मंडळीतला आहे, त्याला वाईट वाटेल. यावर अजून चर्चा चालू आहे.